दोन खट पुढे, दोन खट मागे

माझं स्टूल हलवून तिथे छपाईचं मशीन ठेवायचं, हे आमच्या चिरंजिवांनी ठरवलं तेव्हा मला विचारलं नाही. मापं घेतली. मी स्टुलावर बसलेली असतानाच माझ्याभोवती टेप फिरवली. शिंपीसुद्धा अंगाला टेप लावायच्या आधी विचारतो.

"किती भरले?" मी विचारलं.

"काय?"

"माझी रुंदी. मशीन मावेल का माझ्या जागी?"

"आई, तसं नाही," तो टेप गुंडाळत म्हणाला. "पण आता तू किती दिवस दुकानात बसणार? घरी आराम कर. इथे तुला काम तरी काय असतं? नुसता कॅमेरा पुसून द्यायचा."

नुसता कॅमेरा पुसून द्यायचा. बरं.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. आत एक मोठी खोली, तिला पांढरा पडदा, काळा पडदा आणि एक निळा, जो कुणालाच शोभत नाही. बाहेर काउंटर. काउंटरच्या मागे कपाट आणि कपाटाला टेकून माझं स्टूल. हे होते तेव्हापासून ते स्टूल तिथेच आहे. हे गिऱ्हाइकाच्या गालाजवळ आपला तळवा धरायचे, डोळे किलकिले करायचे आणि उजेडाचं माप मनात घ्यायचे. मग खटका. चुकलं की नाही ते दुसऱ्या दिवशी कळायचं, मी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली की. तीस वर्षं मी ह्यांच्या चुका धुतल्या. फार नव्हत्या. पण माणूस उजेडात नाही शिकत तेवढं त्या खोलीत शिकतो.

हे गेले, फिल्म गेली, आणि चिरंजिवांनी दोन वर्षांपूर्वी नवा डिजिटल कॅमेरा आणला. त्याच्या तोंडी तेव्हापासून एकच जप, ऑटो. "ऑटोवर ठेवलं की झालं, आई. उजेड किती घ्यायचा ते कॅमेराच ठरवतो. माणसाची चूक होईल, त्याची नाही."

पहिल्याच आठवड्यात बेकरीवाला आला. पांढरी टोपी, पांढरा एप्रन, मागे पांढरा पडदा. फोटोत तो असा दिसला की जणू भट्टीच्या धुराड्यातून उतरून आलाय. तेवढ्यात कोळशाच्या वखारीचा मालक आला, काळा कोट घालून, काळ्या पडद्यासमोर. तो पिठात लोळल्यासारखा निघाला. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. सख्खे भाऊ.

"बेकरीवाल्याचा एप्रनच मळका होता," चिरंजीव म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं.

मी उठले. कॅमेऱ्याचा पट्टा तुटल्याचं निमित्त करून दुरुस्तीवाल्याकडे गेले. (तो पट्टा कसा तुटला ते विचारू नये.) दुरुस्तीवाला भला माणूस. त्याने मला सरळ समजावलं. "मावशी, ह्या यंत्राला जगाचा एकच रंग ठाऊक, राखाडी. पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो दाबतो. काळं दिसलं की वाटतं अंधार आहे, तो उजळवतो. सगळ्यांची राख करतो. त्याला सांगावं लागतं." आणि त्याने कॅमेऱ्याच्या माथ्यावरचं एक बारकं चाक दाखवलं. पुढे फिरवलं की फोटो उजळ, मागे फिरवलं की गडद. मधोमध शून्य. प्रत्येक वेळी खट असा आवाज होतो.

पांढऱ्याला दोन खट पुढे, काळ्याला दोन खट मागे. हे शिकायला मला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

चिरंजीव त्या चाकाला हात लावत नाहीत. ऑटो म्हणजे हात न लावणं, अशी त्यांची श्रद्धा. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या पुस्तकाची पहिली चार पानं वाचून ते त्यांनी जपून ठेवलंय. मग मी काय केलं, गिऱ्हाईक आत आलं की त्याचे कपडे बघायचे, पिवळं फडकं घ्यायचं, कॅमेरा पुसायचा आणि फडक्याखाली अंगठ्याने चाक फिरवायचं. मग कॅमेरा सुनेच्या हातात. सून तो तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवायची, चिरंजीव बटण दाबायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचं, वा. चाकावरचे आकडे मुंगीच्या पायाएवढे, मला दिसत नाहीत, पण अंगठ्याला डोळे असतात. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी जुनं भिंग लावून चाक शून्यावर आणून ठेवायचं, की झालं.

दोन वर्षं असं चाललं. चिरंजिवांचं नाव झालं. "तुमच्या फोटोत कपडे कसे दुधासारखे येतात," लोक म्हणायचे, आणि तो कॅमेऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "ऑटो." मी स्टुलावर बसून फडक्याची घडी घालायचे. लेकराचं नाव होतंय, माझ्या बापाचं काय जातंय.

आता मात्र ते माझ्या स्टुलाची मापं घेऊ लागले.

"बरं," मी म्हटलं. "येत्या आठवड्यात तुझ्या दोन मोठ्या ऑर्डरी आहेत. बुधवारी वकील, शनिवारी नर्सिंगच्या शाळेचा गट. दोन्ही फोटो तुझ्या ऑटोने नीट काढले, तर मी स्वतः हे स्टूल उचलून घरी नेते. एक जरी बिघडला, तर मशीन कुठे ठेवायचं ते तू बघ. हवं तर तुझ्या उशाशी ठेव."

"पैज?"

"पैज. मी नेहमीसारखा कॅमेरा पुसून देईन, बाकी तू आणि तुझा ऑटो."

"पूस ना," तो हसला. "पुसण्याने काय होणार आहे?"

सून कॅमेऱ्याची पिशवी आवरत होती. ती माझ्याकडे बघून किंचित हसली. ती अशी अधूनमधून हसते. मी त्याचा अर्थ लावायचं सोडून दिलं होतं. ती माझी चूक.

बुधवारी वकिलांच्या बार रूमपुढच्या पायऱ्यांवर बावीस वकील उभे राहिले. सगळ्यांचे काळे कोट, मागे गडद लाकडी दार. ऑटो इथे हमखास तोंडावर आपटणार. मी झाडाखाली खुर्चीत बसले, कॅमेरा पुसला आणि चाकाला अंगठासुद्धा लावला नाही. मला खोटं काही करायचं नव्हतं. नुसतं खरं करायचं थांबवायचं होतं. सूनबाई कॅमेरा घेऊन गेली, तिकाटण्यावर चढवला, चिरंजिवांनी बटण दाबलं.

मी वाट बघत होते की आता बावीस वकील धुऊन वाळत घातल्यासारखे फिकट निघतील.

"झकास," वकिलांचे अध्यक्ष कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर वाकून म्हणाले.

मी उठून गेले. कोट काळेभोर. दाराच्या लाकडाच्या रेषासुद्धा दिसत होत्या. चेहरे जसे असतात तसे, म्हणजे वकिलांच्या मानाने बरे.

"बघितलंस?" चिरंजीव हळूच म्हणाले. "तू फक्त पुसलास ना?"

"फक्त पुसला," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.

संध्याकाळी मी भिंग लावून चाक पाहिलं. शून्यावर. म्हणजे कुणी फिरवलं नव्हतं. म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच काळं ओळखलं होतं. म्हणजे दोन वर्षं मी फडक्याखाली जे करत होते ते काय होतं? चालत्या गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं की गाडी आपणच ओढतोय, तसं माझं झालं होतं की काय? जेवताना मी दोनदा मीठ मागितलं आणि दोनदा ते माझ्या पुढ्यातच होतं.

पुढचे दोन दिवस मी गिऱ्हाइकांकडे नुसती निरोप घ्यायला बसल्यासारखी बघत होते. चिरंजीव मशीनवाल्याला फोन करून सोमवारी घेऊन या म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले. मग माझ्या मनात आलं, सरळ बोटाने तूप निघत नाही.

आता इथे मी जे केलं ते काही देवाधर्माला धरून नव्हतं, पण लिहायला बसले आहे तर सांगतेच.

शनिवारी नर्सिंगच्या शाळेच्या अंगणात चाळीस मुली तीन रांगांत उभ्या होत्या. पांढरेशुभ्र गणवेश, पांढऱ्या टोप्या, मागे नुकती चुना लावलेली भिंत. ऊन लख्ख. मेट्रनबाई प्रत्येकीची कॉलर तपासत फिरत होत्या. मुलींची शेवटची परीक्षा झाली होती, दुपारच्या गाड्यांनी चाळीसजणी चाळीस दिशांना जाणार होत्या. हा फोटो पुन्हा निघणार नव्हता, हे मेट्रनबाईंनी आल्या आल्या तीनदा सांगितलं.

मी कॅमेरा मांडीवर घेतला, फडकं टाकलं आणि चाक फिरवलं. दोन खट मागे. उलटं. ऑटो शहाणा झाला असेल तर होऊ दे, मी त्याच्या डोळ्यावर काजळी फासली. म्हटलं, बिघडू दे एकदा, मग मी उठेन, पुसते म्हणेन, चार खट पुढे करेन, फोटो लखलखीत निघेल आणि स्टूल जागच्या जागी राहील.

सूनबाईने कॅमेरा नेला. चिरंजिवांनी बटण दाबलं. पडद्यावर बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"उन्हात पडदा मळकट दिसतो," तो म्हणाला आणि आणखी दहा काढले.

मेट्रनबाई पुढे आल्या. "व्हरांड्याच्या सावलीत आणा बघू."

सावलीत आणलं. चाळीस मुली गढूळ पाण्यात धुतल्यासारख्या राखाडी. भिंत तर पावसाळा काढलेली.

"माझ्या मुलींचे गणवेश मी रोज सकाळी तपासते," मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या. "ह्यातली एकही मुलगी मी वॉर्डात पाठवली नसती."

"एक मिनिट, बाई," चिरंजीव म्हणाले. त्याने कॅमेरा बंद केला, चालू केला, बॅटरी काढली, घातली. पुन्हा काढला. पुन्हा राख. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी पाढा अडला की अशाच व्हायच्या. मला हसू येत होतं, पण चाळीस मुली उन्हात डोळे मिचकावत उभ्या होत्या, आणि हे मी केलं होतं.

"आण इकडे," मी उठले. "काच पुसून देते."

"आई, आता पुसून काय—"

"आण."

फडकं टाकलं. एक खट, दोन, तीन, चार. दोन माझी उलटी फेडायला, दोन पांढऱ्यासाठी. हिशोब पक्का. "घे," मी म्हटलं, "आता काढ."

त्याने काढला. पडद्यावर बघितला. मेट्रनबाईंनी वाकून पाहिलं.

"माझ्या मुली कुठे गेल्या?" त्या म्हणाल्या.

पडद्यावर नुसता पांढरा लोळ होता. भिंत, टोप्या, गणवेश, सगळं एकात एक विरघळलेलं. त्यात ऐंशी डोळे आणि काही भुवया तरंगत होत्या.

तीस वर्षं फिल्म धुतलेली बाई मी. माझ्या अंगठ्याचा हिशोब कधी चुकला नव्हता. चार खट पुढे जाऊन इतकं पांढरं होणार असेल, तर मी सुरू केलं तेव्हा चाक मागे नव्हतंच. ते शून्यावर होतं. आणि ते मी मागे नेलेलं असताना शून्यावर यायचं, तर माझ्यानंतर कुणीतरी दोन खट पुढे...

मी सुनेकडे पाहिलं. सून चाकाकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे एवढे मोठे मी लग्नातही पाहिले नव्हते.

"आई," ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "तुम्ही काच जरा जास्तच पुसली. द्या, मी बघते."

तिने माझ्या हातातलं फडकं घेतलं, तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यावर टाकलं आणि मी कानोसा घेतला. खट. खट. दोन मागे.

"काढा हो आता," ती नवऱ्याला म्हणाली.

निघाला. चाळीस मुली चाळीस जागी, गणवेश दुधासारखे, भिंत वेगळी, टोप्यांच्या घड्या मोजून घ्याव्यात अशा. मेट्रनबाईंनी पहिल्यांदाच कॉलर सोडून चेहरे बघितले. "हं," त्या म्हणाल्या. त्यांच्या हिशेबी ते फार मोठं कौतुक असावं.

चिरंजिवांनी कपाळ पुसलं. "मशीनच आहे शेवटी," तो म्हणाला. "जरा गरम व्हावं लागतं. बघ आई, शेवटी बरोबर घेतलाच ना ऑटोने? दोन्ही फोटो झाले. पैज मी जिंकलो."

खरं सांगायचं तर आधी माझी लबाडी सांगावी लागत होती.

परत येताना चिरंजीव पुढे गाडी चालवत होते, आम्ही दोघी मागे, मध्ये कॅमेऱ्याची पिशवी.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"तुमचं फडकं? पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. एवढं काय पुसता, कॅमेरा आहे की परात?"

"आणि वकिलांच्या वेळी?"

"पैज लागली म्हणजे तुम्ही चाकाला हात लावणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून तिकाटण्यावर चढवताना मीच दोन खट मागे केले. परत देताना शून्यावर आणून दिला. आज तसेच दोन पुढे केले, अंदाजाने. हे शेजारीच उभे, बघायला कुठून मिळणार? तुम्ही उलटं फिरवून ठेवलं असेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. इतक्या मोठ्या माणसाने."

शेवटचे तीन शब्द तिने खिडकीबाहेर बघत म्हटले. मी ऐकून घेतले. ऐकण्यासारखेच होते.

"पण का गं? तू गप्प बसली असतीस तर बुधवारीच फोटो बिघडला असता. माझं स्टूल वाचलं असतं."

"भांडण तुमचं माय-लेकाचं. गिऱ्हाईक घरचं," ती म्हणाली. जरा थांबली. "आणि तुम्ही घरी बसलात, की कॅमेरा पुसायला मी बसणार होते. मशीनला तुमच्या स्टुलामागची भिंत चालत नाही, ओल आहे तिथे. ते ह्यांना मी सोमवारी सांगणार होते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. सात वर्षं मी हिला गरीब गाय समजत होते. घरात आणखी एक मी तयार होत होती आणि मला पत्ता नव्हता. राग यायला हवा होता. आला तो अभिमान.

आणि मग मला हसू फुटलं. मी दोन मागे केले, तिने दोन पुढे. म्हणजे ते सगळे राखाडी फोटो निघाले तेव्हा चाक बरोबर शून्यावर होतं. बेकरीवाल्यानंतर पांढऱ्यापुढे तो कॅमेरा पहिल्यांदाच खराखुरा ऑटोवर होता. मी लबाडी केली, तिने लबाडी केली, आणि दोन्ही मिळून पैज अगदी सचोटीची झाली.

दुकानात पोचल्यावर मी चिरंजिवांना कपाटापुढे उभं केलं. भिंग त्याच्या हातात दिलं. "हे चाक बघ. कुठे आहे?"

"दोन पुढे. हे कुणी केलं?"

"शून्यावर आण. तुझ्या हाताने. आता तो पांढरा पडदा काढ, मग काळा काढ. नुसते पडदे."

त्याने काढले. दोन्ही फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले. दोन्ही राखाडी. कुठला कुठला ते सांगता येईना.

मग मी सगळं सांगितलं. फडकं, अंगठा, दोन वर्षं, आणि आजचं उलटं फिरवणंसुद्धा. ते सांगताना मी पाणी प्यायले. सुनेचं मी काही सांगितलं नाही, तर तिने स्वतःच सांगितलं, मग मला उरलंच नाही काही.

त्याने भिंग पुसून कपाटात ठेवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे दोन वर्षं लोक मला जे वा म्हणायचे..." तो म्हणाला. मग शोकेसकडे बघून, "तो सुताराचाही?"

शोकेसमध्ये मधोमध सुताराचा फोटो आहे, त्याच्या कारखान्यातला, भुशात बसलेला, हातात रंधा. चिरंजिवांनी काढलेला सगळ्यात चांगला फोटो. येणारा-जाणारा थांबून बघतो.

"त्याला मी हात लावला नव्हता," मी म्हटलं. "लाकूड, भुसा, मातकट सदरा. तिथे तुझा ऑटो चुकतच नाही. मधल्या रंगाच्या माणसांत तो पक्का विश्वासाचा आहे. टोकाची माणसं समोर आली की गोंधळतो. आणि तो सुतार त्या क्षणी मान वर करून हसला, ते काही कॅमेऱ्याने ठरवलं नाही. ते तू बघितलंस."

"आपल्या घरात मधल्या रंगाचं कोण आहे?" सूनबाई कपाट आवरता आवरता म्हणाली.

"मी," चिरंजीव म्हणाले. "दोन्हीकडून दाबला जातो तो." आणि तेव्हा कुठे तो हसला.

सोमवारी मशीन आलं. माझ्या भिंतीला ओल निघाली. ते आता निळ्या पडद्याच्या जागी आहे, निळा पडदा कुणालाच शोभत नव्हता. स्टूल जागेवर आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यावर सूनबाई बसते. तिचा अंगठा माझ्यापेक्षा हलका आहे, खट ऐकूच येत नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही.

चिरंजीव गिऱ्हाइकांना अजून ऑटोचं कौतुक सांगतात. पण परवा दवाखान्यातले डॉक्टर पांढरा कोट घालून आले, पांढऱ्या पडद्यापुढे बसले, आणि बटणावर बोट ठेवलेले आमचे चिरंजीव थांबले. मागे वळून म्हणाले, "आई, तू कॅमेरा नीट पुसलास ना?"

"दोनदा," मी म्हटलं.

"किती स्वच्छता पाळता तुम्ही लोक," डॉक्टर म्हणाले.